कडूच्या नवसाची मोटार

माझ्या भावाला चोर म्हणणाऱ्यांची तोंडं मी पाहिलीत. त्यातली बरीचशी आता राजघाटावर राख होऊन तापीत गेली, तरी माझा राग काही विझला नाही. लोक म्हणतात, धुरपदाबाई, किती जुनी गोष्ट, सोडा आता. का सोडू? तुमच्या भावाला भर शनवाऱ्याच्या चौकात चोर म्हटलं असतं तर तुम्ही सोडलं असतं का?

माझ्या भावाचं नाव कडू. आमच्या आईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून याचं असं नाव ठेवलं, की देवाला कडू लागावा आणि त्यानं उचलू नये. देवानं याला ठेवलं आणि आईलाच उचललं. मग रांगत्या कडूला मी कडेवर घेतलं, ते त्याचं लग्न होईस्तोवर काही खाली ठेवलं नाही. माझं सासरही बऱ्हाणपुरातच, शनवाऱ्याच्या दरवाज्याजवळ. नवरा गेल्यावर मी तिथेच फुटाण्याची भट्टी टाकली. चणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या. उजाडलं की माझी भट्टी पेटायची. समोर मोतीलाल मिस्त्रीचं मोटारदुरुस्तीचं दुकान. शनवाऱ्यात काय घडलं ते मला दुसऱ्या कोणी येऊन सांगावं लागायचं नाही.

कडू मोटार शिकला लढाईच्या काळात. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं आणि खंडव्याच्या सर्व्हिस मोटारी, म्हणजे तेव्हाच्या बसगाड्या, कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या पाठीला ही मोठी लोखंडी टाकी, तिच्यात कोळसे पेटवायचे, पंखा फिरवून फिरवून दंड भरून यायचे, तेव्हा कुठं ती हलायची. तो पंखा फिरवायचं काम कडूकडे. घरी यायचा तो काळाठिक्कर, डोळे तेवढे दिसायचे. पण मोटारीचं वेड लागलं ते लागलं. पुढे शालिग्रामशेठनं खंडव्याच्या कुणा वकिलाची जुनी काळी मोटार विकत घेतली आणि कडूला ड्रायव्हर ठेवलं.

शालिग्रामशेठचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता. माणूस तसा वाईट नव्हता, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

कडूनं त्या मोटारीला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तिच्याशी बोलायचा, खरंच सांगते. घरात बायको कोकिळा विचारून विचारून थकायची तरी याच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि मोटारीचं चाक धुताना याच्या गप्पा संपायच्या नाहीत. उलटून बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. शेठ ओरडला तर हा खाली मान घालून उभा. मी म्हणायची, अरे मेल्या, तुला तोंड दिलंय ते फक्त भाकरी खायला का? तर हसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा त्या हसण्यानं.

ज्या वर्षी प्रांत बदलला, त्या वर्षीची ही गोष्ट. श्रावणात शेठची लेक रजनी बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा तिला मोटारीत घालून खंडव्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले. बाहेर धो धो पाऊस. आशीरगडच्या घाटात मोटार बंद पडली. मागं पोरगी कण्हतेय, शेठीण रडतेय, शेठ कडूच्या नावानं ओरडतोय. कडूनं बॉनेट उघडलं, पाणी शिरलं होतं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि मग काय सुचलं त्याला कोण जाणे, इंजिनावर डोकं टेकलं. म्हणाला, "इच्छादेवी माय, पोरगी सुखरूप सुटू दे. वर्षभर दर मंगळवारी या इंजिनावर नारळ फोडीन."

मोटार चालू झाली. रजनीला मुलगा झाला. शेठनं पेढे वाटले. कडूनं नवसाची गोष्ट फक्त मला सांगितली. धोतरानं पाणी पुसलं होतं हे तो विसरून गेला, आणि नवस तेवढा लक्षात ठेवला. मीही तेव्हा देवीलाच हात जोडले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या मंगळवारपासून सुरू झालं. इंजिनाच्या कुशीत एक काळी टोपी असते. तिच्यातून जाड जाड वायरी निघतात आणि प्लगांकडे जातात. ठिणगी पडायला जो करंट लागतो, तो त्या टोपीतून वाटला जातो. कडूच्या मनानं घेतलं की मोटारीचा जीव तिथं आहे, म्हणजे देवीही तिथंच. मग त्या टोपीला तेलात कालवलेला शेंदूर, वर हळदकुंकू, बाजूच्या लोखंडावर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी टोपीवर शिंपडायचं. दर मंगळवारी नवा थर. आणि शेंदराचं कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा देवाला लावला की तो खरवडायचा नसतो. मारुतीचं नाक-तोंड दिसेनासं झालं तरी त्याला कोणी नख लावत नाही. कवच गळायचं तेव्हा आपलं आपण गळेल. तशी ती टोपी हळूहळू शेंदरी गोळा झाली.

दिवाळी झाली. नोव्हेंबरात प्रांत बदलला. इतके दिवस आमचे सगळे कागद नागपूरला जायचे, आता नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो, आणि म्हणे आमची राजधानी भोपाळ. सीमेवरच्या तुकईथडच्या माणसाची लेक ज्या गावात दिली, ते गाव दुसऱ्या राज्यात. मोतीलालच्या दुकानात लोक बसून भांडायचे, आपण इकडे राहिलो ते चांगलं का वाईट. खंडव्याच्या कचेरीतले साहेब बदलले. शेठला कारखान्याच्या कामासाठी नव्या साहेबाकडे जायचं असायचं, तेही सकाळी लवकर, कारण हा साहेब वेळेचा कडक होता म्हणे.

आणि नेमकी तेव्हाच मोटार अडायला लागली. तापीवरून धुकं यायचं, सगळीकडे दव. सकाळी मोटार सुरू करायला सेल्फ दाबला की घर्र घर्र, आणि गप्प. हँडल मारमारून कडूच्या तळहातांना फोड आले. आणि दहा वाजता ऊन पडलं, की तीच मोटार पहिल्या हाकेला ओ द्यायची. शेठ तोवर घामाघूम आणि साहेब तोवर कचेरीतून उठून गेलेला.

कडूनं काय काय केलं नाही ते विचारा. रात्री इंजिनावर गोधडी घातली. रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतलं. बॅटरी स्टेशनजवळच्या लालबागला नेऊन भरून आणली. प्लग काढून माझ्या भट्टीवर आणायचा. ज्या वाळूत मी लाह्या भाजायची, त्या तापल्या वाळूत प्लग शेकायचा आणि फडक्यात गुंडाळून पळत जायचा. गिऱ्हाईक विचारायचं, बाई, हे काय भाजून राहिल्या? काय सांगणार मी, कप्पाळ?

मोतीलाल मिस्त्रीनंही बघितलं. म्हणाला तेल घट्ट झालंय, तेल बदललं. म्हणाला चोक बरोबर नाही, चोक बघितला. कार्बोरेटर उघडला, लावला. त्याचा हात एकदा त्या टोपीकडे गेला होता. मी भट्टीवरून बघत होते. त्यानं शेंदूर बघितला, हात जोडले आणि म्हणाला, "ये तो भगवान का है, इसको कौन हाथ लगायेगा." मग पुन्हा खाली वाकून कार्बोरेटरच्या मागं लागला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं चाललं होतं.

शेवटी एक दिवस शेठचं डोकं फिरलं. त्या दिवशी साहेबानं मुद्दाम वेळ दिली होती आणि मोटार जागची हलेना. हमालांकडून ढकलत ढकलत ती शनवाऱ्यात आणली. शेठ मागं चालत, कपाळावर आठ्या. मोतीलालनं एक प्लग काढला, नाकाला लावला आणि म्हणाला, "शेठजी, इसमें तो रॉकेल की बास आ रही है."

येणारच ना. आदल्या संध्याकाळी कडूनं प्लग रॉकेलमध्येच धुतले होते. काजळी निघावी म्हणून सगळेच तसे धुतात, मोतीलालही धुतो. कडू म्हणाला, "शेठजी, मीच धुतले काल." पण ऐकतो कोण. शेठनं मनाशी जुळवूनच टाकलं की हा पेट्रोल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल भरतो, म्हणून थंडीत मोटार पेटत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भर चौकात, हमाल, टांगेवाले, भाजीवाल्या, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माझ्या घरात साप पाळला मी. चोर आहेस तू, कडू. चावी ठेव."

मी हातात झारा घेऊनच गेले होते रस्ता ओलांडून. आज सांगते, तो झारा मी शेठच्या डोक्यात घातला असता. कडूनं मला डोळ्यानं थांबवलं. त्यानं चावी काढली, पालथ्या हातानं डोळे पुसले आणि चावी शेठच्या हातात ठेवली. बाजूला मोतीलाल प्लगकडे बघत उभा. रॉकेलमध्ये प्लग धुतात, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याचा साला बेकार होता, त्याला ड्रायव्हरची नोकरी हवी होती. मग कसं निघेल वाक्य?

संध्याकाळी कडू माझ्याकडे आला. म्हणाला, "आक्का, एक जुनं फडकं दे आणि वाटीभर रॉकेल दे. माझी देवी तिथं राहिली. तिले घेऊन येतो."

मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. शेठच्या अंगणात मोटार उभी होती. कडूनं शेठला सांगितलं, देवी माझी आहे, ती घेऊन जातो. शेठ ओसरीवरून म्हणाला, "घेऊन जा. आणखी काय काय नेलं असशील ते देवीलाच माहीत." मी तोंड उघडलं तर कडूनं माझा हात दाबला. त्यानं टोपीवर अक्षता टाकल्या, हात जोडून देवीला आपल्या घरी चल म्हणून विनवलं, आणि मग रॉकेलच्या फडक्यानं तो सगळा शेंदूर पुसून काढला. पुसताना रडत होता. शेवटी खालून काळी टोपी निघाली, वांग्यासारखी चकचकीत. ते शेंदराचं फडकं मंगळवारी तापीत सोडायचं म्हणून माझ्या पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल सांगा. मोतीलालच्या साल्यानं सेल्फ दाबला आणि मोटार पहिल्या झटक्यात चालू. धुकं तेवढंच, थंडी तेवढीच. मोतीलाल छाती काढून सांगायला लागला की मी टाकी रिकामी करून चांगलं पेट्रोल भरलं, बघा फरक. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. सगळं बऱ्हाणपूर म्हणालं, चोर गेला आणि मोटार सुधारली. आणखी काय पुरावा पाहिजे लोकांना?

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. कडू जिथं काम मागायला जाई, तिथं लोक हसून विचारायचे, आमच्याही गाडीला रॉकेल पाजशील का. कोकिळा विहिरीवर गेली तर बायका बोलायच्या थांबायच्या. एक दिवस ती रिकामी घागर घेऊन परत आली आणि चुलीपुढं बसून राहिली. कडू घराबाहेर निघेना. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शेतातलं केळं तोडलं नाही, तो तोंड लपवून घरात. मला अन्न गोड लागत नव्हतं.

ते फडकं मात्र तिथंच होतं. मंगळवार आला आणि गेला, कडूला घाटावर जायचीही लाज वाटली. एक दिवस सकाळी मी पडवीत गेले आणि माझा हात फडक्याला लागला. ओलं, चिकट. गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं तसं. मला वाटलं मांजरानं काही केलं. दुपारी परत बघितलं तर तेच फडकं पापडासारखं कडक, वाजेल असं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओलं. बाजूला माझं नेसूचं लुगडं वाळत होतं, ते कोरडं. ओलं व्हायचं तेवढं हेच. नारळाचं पाणी, कुंकू, तेल, सगळं मिळून त्याचा असा काही खार झाला होता की दव दिसलं की तो पिऊन घ्यायचा.

मी फडकं घेऊन तशीच कडूच्या घरी गेले. त्याला विचारलं, "ती काळी टोपी ओली झाली तर काय होतं रे?"

"करंट पळतो," तो म्हणाला. "ठिणगी प्लगापर्यंत जातच नाही. मग मोटार कशी चालू..."

आणि तिथंच थांबला. माझ्याकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. घाटातलं धोतर त्याला तेव्हा आठवलं असावं, कारण त्यानं स्वतःच्या सोग्याला हात लावला. मग फडकं हातात घेऊन खाली बसला.

मी म्हटलं, "ऊठ. शेठकडे चल. आता सांगू त्याले, चोर कोण होतं ते."

तर हा बाबा मान हलवतो. म्हणे, "नाही आक्का. काय सांगू? देवीच्या नारळानं मोटार बिघडली म्हणू? लोक देवीले हसतील. मले चोर म्हणतात ते म्हणू दे."

माझा पारा असा चढला की काय सांगू. मी म्हटलं, "देवीनं तुले सांगितलं होतं का, माझा नारळ मोटारीच्या टाळक्यावरच फोड म्हणून? चाकापुढं फोडला असता तर तिले पोचला नसता? अक्कल तुझी गहाण आणि बिल देवीच्या नावानं?" कोकिळा कधी बोलत नाही माझ्यासमोर, पण तीही म्हणाली, "वन्सं बरोबर बोलून राहिल्या." हा ऐकेना. भिंतीकडे तोंड करून झोपला.

मग मी एकटी गेले. शेठ पाटावर जेवायला बसणार होता. मी अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, नवसापासून फडक्यापर्यंत. शेठ हसला. म्हणाला, "धुरपदाबाई, भावासाठी गोष्ट चांगली रचलीत."

"तर मग करून बघा," मी म्हटलं. "आता शेंदूर लावते, नारळ फोडते. उन्हात वाळू द्या. संध्याकाळी चालू करा, चालू होईल. उद्या सकाळी करा. झाली तर मी शनवाऱ्यातून भट्टी उचलते."

"माझी मोटार काय तमाशाला ठेवली आहे?"

तेवढ्यात आतून रजनी आली. कडेवर पोर. तिच्या हातात देवघरातला नारळ. तिनं बापाकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "मावशी, त्या रात्री मागच्या सीटवर मी होते. कडूदादा काय बोलला ते मी ऐकलंय. फोडा."

शेठ आत पाटावर जाऊन बसला. मी फोडला. शेंदूर, कुंकू, पाणी, कडू करायचा तसं सगळं, एकावर एक तीन-चार थर. उन्हात वाळलं. संध्याकाळी मोतीलालच्या साल्यानं सेल्फ दाबला, मोटार चालू. शेठनं माझ्याकडे असं बघितलं की बघा, मी म्हणत होतो ना. मी म्हटलं, सकाळ होऊ द्या.

सकाळी धुकं इतकं की अंगणाच्या पलीकडची भिंत दिसेना. मोतीलाल आला होता, त्याला शेठनं मुद्दाम बोलावलं होतं. सेल्फ दाबला. घर्र घर्र, आणि गप्प. पुन्हा दाबला. हँडल मारलं. मोतीलालनं मारलं, त्याच्या साल्यानं मारलं. मोटार मेल्यासारखी. मी मोतीलालला म्हटलं, "आता पूस ती टोपी." त्यानं हात मागं घेतले, शेंदूर मी पुसणार नाही म्हणाला. मग रजनीनं पोर माझ्याकडे दिलं, बाळाचं जुनं लंगोट रॉकेलमध्ये बुडवलं आणि स्वतः टोपी पुसली. शेंदूर माझ्यासाठी लागला होता, रजनी म्हणाली, मीच काढते. टोपी कोरडी केली. सेल्फ दाबला. मोटार चालू झाली आणि अंगणभर धूर झाला.

मला वाटलं आता हा माणूस काही बोलेल. शालिग्रामशेठ खाकरला. म्हणाला, "ठीक आहे. गैरसमज झाला. कडूला सांगा, उद्यापासून ये."

"आणि शनवाऱ्यात सांगणार ना?" मी विचारलं.

"घरातली गोष्ट घरात मिटली बाई. आता चौकात जाऊन मी ड्रायव्हरची माफी मागू का?"

"चोर म्हणायला घर पुरलं नव्हतं तुम्हाला," मी म्हटलं. तो आत निघून गेला.

घरी येऊन मी कडूला सांगितलं, जाऊ नकोस. उपाशी मर, पण त्या दारात जाऊ नकोस. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. लाचार म्हणाले, बिनकण्याचा म्हणाले. तो ऐकून घेऊन गेला. मी रागारागानं भट्टी पेटवली.

थोड्या वेळानं मोटार आली. शेठ मागच्या सीटवर, कोट, टोपी, मांडीवर कागद. खंडव्याला निघाला होता, नव्या साहेबाकडे. मोटार चौकात आली आणि मोतीलालच्या दुकानापुढं थांबली. कडूनं चावी फिरवून इंजिन बंद केलं, चावी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"क्या हुआ?" मागून शेठ. "फिर बिगडी?"

"मोटार ठीक आहे शेठजी."

"मग चल ना. उशीर होतोय."

कडू मागं वळला नाही. म्हणाला, "तुम्ही मले इथं चोर म्हटलं होतं. इथंच सांगा, चोर नाही म्हणून. मग चालू करतो."

मी झारा खाली ठेवला. माझा भाऊ बोलत होता. टांगेवाले जवळ आले, हमाल आले, भाजीवाल्या टोपल्या सोडून आल्या. शेठ हळूच म्हणाला, "संध्याकाळी घरी बोलू, कडू." कडू म्हणाला, "घरची गोष्ट घरी झाली. ही शनवाऱ्याची आहे." शेठनं मोतीलालकडे बघितलं, की चावी काढून घे याच्याकडून. मोतीलाल दुकानात वाकून कुठला तरी पाना शोधायला लागला. शेठनं घड्याळ बघितलं, कागद बघितले. मग काचेच्या आतून काहीतरी पुटपुटला.

"काच खाली करा शेठजी," कडू म्हणाला. "बाहेर ऐकू जात नाही."

काच खाली झाली. शेठ म्हणाला, "कडूनं पेट्रोल चोरलं नाही."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "तर मग मोटार का अडत होती?"

कडूनं समोरच्या आरशातून शेठकडे बघितलं. लोक देवीला हसतील म्हणून याचं उत्तर त्याला स्वतःला द्यायचं नव्हतं, ते शेठच्याच तोंडून यायला हवं होतं. शेठनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "माझी रजनी अडली होती. तिच्यासाठी यानं नवस बोलला. दर मंगळवारी इंजिनावर नारळ फोडायचा. ते पाणी इंजिनाच्या टोपीत मुरलं, म्हणून थंडीत मोटार अडायची. मी त्याला चोर म्हणालो. ते खोटं होतं." लेकीचं नाव घेताना त्यानं हातातली टोपी चुरगळली. मला त्याची दया आली नाही.

कडूनं खिशातून चावी काढली, सेल्फ दाबला आणि शेठला वेळेवर खंडव्याला पोचवलं. पुढेही वर्षानुवर्षं पोचवत राहिला. त्यानं मनातून सगळं काढून टाकलं, शेठ गेला तेव्हा खांदासुद्धा दिला. मी गेले नाही. माझ्या भावाला चोर म्हणताना त्या माणसानं मागं-पुढं बघितलं नव्हतं, आणि तेच परत घ्यायला मात्र भर रस्त्यात त्याची मोटार बंद करावी लागली.